घर काकूचंच राहावं म्हणून

ती. काकांस,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मृत्युपत्र करायला आहे काय माझ्याकडे? एक फ्लॅट आणि गावची थोडी जमीन. माझ्यामागे सगळं हिचंच आहे." काका, तसं आपोआप होणार नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मृत्युपत्र नसेल तर 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा वाटे ठरवतो. त्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगा आणि मुलगी यांच्या बरोबरीने आईसुद्धा येते. म्हणजे आजी हयात असताना तुमचं काही बरंवाईट झालं, तर फ्लॅटचे चार सारखे वाटे होतील: काकू, दादा, ताई आणि आजी. पुढे आजीचा वाटा बाबांकडे, आत्याकडे आणि तुमच्या जागी दादा-ताईकडे जाईल. ज्या घराचे हप्ते काकूने शिकवण्या घेऊन फेडले, त्या घरात उद्या माझ्या वडिलांचा हिस्सा निघेल. तो आम्हाला नको आहे. घर विकायची वेळ आली तर काकूला एवढ्या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल. आज आपल्यात कुणी अडवणारं नाही, पण तिचा निवारा कुणाच्या मर्जीवर का असावा?

सोसायटीत काकू नॉमिनी आहे, हे मला माहीत आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढंच त्याने ठरतं; मालकी वारसांचीच राहते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात, हेच सांगितलं.

जमिनीचं वेगळं आहे. ती पणजोबांपासून आलेली, वाटणी न झालेली. तिच्यातल्या फक्त स्वतःच्या हिश्शाबद्दल तुम्ही मृत्युपत्रात लिहू शकता. ताईचा हिस्सा दादासारखाच जन्माने आहे. 2005 च्या दुरुस्तीने तो दिला आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. तरीही आपल्याकडे तेरावं आटोपतं न आटोपतं तोच लेकींपुढे हक्कसोडपत्र येतं. माहेर तुटेल या धास्तीने त्या सही करतात आणि ती सल जन्मभर उरते. ताईवर ती वेळ येऊ नये, म्हणून तुम्हीच दादाला आणि तिला समोर बसवून बोला. तिने स्वखुशीने काही सोडलं तर तो तिचा निर्णय. पण तिला विचारणारे तुम्ही असायला हवेत.

सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. तिथली वारस नोंद आधी करून घ्या. असे इतके उतारे राज्यभर पडून होते की 2025 साली सरकारला 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. तुम्ही दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्यांनी तुमच्यासमोर. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि तुमच्याहून तरुण माणसं निवडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखलाही जोडा, म्हणजे तुम्ही पूर्ण शुद्धीत लिहिलंत का, असा प्रश्न पुढे कुणी काढणार नाही. मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचं असेल तेच धरलं जातं. फ्लॅट काकूला लिहिताना आजीच्या औषधपाण्यासाठी मात्र वेगळी रक्कम ठेवा. तिचा वाटा काढताना तिची सोय विसरून चालणार नाही.

मरणाचा विषय तुम्हाला अभद्र वाटतो, हे ठाऊक आहे मला. पण आजोबांमागे हे घर तुम्ही सांभाळलंत, कुणाला काही मागायची वेळ येऊ दिली नाहीत. हे कामही त्यातलंच आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच करता येणार नाही.

वकिलांकडे आपण दोघं जाऊ. त्याआधी एक करा. या घराबद्दल काकूला स्वतःला काय हवं आहे, ते तिला विचारा. मसुदा तिच्या उत्तरावरून करू.

तुमची,
पुतणी