डाव सोड की बे!

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. पुणे स्टेशन, हुतात्मा एक्सप्रेस, खिडकीची सीट. कानात हेडफोन, हातात मोबाइल आणि मोबाइलवर... रमी! वीकेण्डला अख्खं ऑफिस लोणावळा नाहीतर अलिबाग गाठतं आणि हा बाबा सोलापूरला कशाला निघालाय, असं तुम्हाला वाटेल. बायकोला सांगितलं होतं, मामाकडे गड्ड्याची यात्रा बघायला जातोय. तेही खरंच. पण मुख्य कारण वेगळं होतं. मला रमीत सुधारायचं होतं.

हसू नका. आमच्या टीममध्ये सहा जण रोज लंचनंतर मोबाइलवर रमी खेळतात. फुकटच्या चिप्स, रँकिंग, आठवड्याचा चॅम्पियन, सगळा थाट. त्यात मी सहावा. कायम सहावा! आणि फुकटच्या चिप्सचं दुःख परवडलं. त्याआधी दीड वर्ष मी एका ॲपवर पैसे लावून खेळत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पाठोपाठ बड्या ॲप्सनी पैशांचे डाव थांबवले. तोवर माझे किती गेले होते, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतः बेरीजही केली नव्हती.

भिगवणच्या आसपास रेंज गेली. डाव अर्धवट, फुल काउंट, ऐंशी पॉइंट अंगावर. शुभारंभ!

मामा स्टेशनवर आला होता. साठी उलटलेला, उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलेलं, आणि आमच्या खानदानात रमीतला शेवटचा शब्द. घरी गेल्या गेल्या कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही. पुण्यात हीच चटणी पाकिटात मिळते हो, पण मामीच्या हातची उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी म्हणजे वेगळंच प्रकरण.

शनिवारी सकाळी सिद्धेश्वर. तळ्याच्या मधोमध मंदिर, काठाला भुईकोट किल्ला आणि जानेवारीचं कोवळं ऊन. सोलापूर म्हणजे नुसता उन्हाळा, असं मानणाऱ्यांनी एकदा संक्रांतीच्या सुमाराला यावं. मानाच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक होऊन गेली होती, पण होम मैदानावर गड्डा अजून भरलेला होता. पाळणे, भांडी, बांगड्या, भज्यांचा धूर. तासाभरात मामा कंटाळला. ‘‘चल, तुला पत्ते दाखवतो,’’ म्हणाला आणि मला साखर पेठेकडे घेऊन गेला.

शहराच्या या पूर्व भागात शिरलं की कानाला दोन गोष्टी लागतात. मागांची खटखट आणि तेलुगू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग पिढ्यान् पिढ्या जागता ठेवलाय. मामाच्या ओळखीच्या कारखान्यात एक जुना जेकॉर्ड माग होता. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली. ‘‘हे बघ पत्ते,’’ मामा म्हणाला. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. असे शेकडो पुठ्ठे ओळीने फिरले की चादरीवर मोर नाहीतर फुलं उतरतात. जेकॉर्ड नावाच्या फ्रेंच माणसाची ही १८०४ची युक्ती. पुढे भोकांच्या कार्डांवर कॉम्प्युटरही चालले. म्हणजे डिजिटल पत्ते सोलापूरने माझ्या मोबाइलच्या कितीतरी आधी पिसलेत की!

संध्याकाळी माग थांबले आणि तिथेच ओट्यावर सतरंजी पडली. मामा, कारखान्याचे तेलुगू बोलणारे शेट, कन्नड घरातले रिटायर्ड सर आणि उर्दूत कोपरखळ्या मारणारे टेलर चाचा. आणि मी. दोन कॅट, तेरा पानं.

मी मोबाइलच्या स्पीडने सुरू झालो. उचल, टाक. उचल, टाक.

‘‘कुठं पळालास बे? गाडी चुकालीय का तुझी?’’ चाचा म्हणाले.

पहिली गोची म्हणजे पानं लावून देणारं बटणच नव्हतं. मोबाइलवर रंगवार पानं लावून मिळतात. टाकलेली पानं बघायची तर एका टॅपमध्ये यादी हजर. इथे चौकटचा गुलाम गेला का, हे डोक्यात ठेवायचं. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, तेव्हा पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, हेच तर कारण दिलं होतं. ॲपवाल्यांनी तो निकाल छातीवर मिरवला आणि लक्षात ठेवायचं काम मात्र आमच्याकडून काढून घेतलं. शिवाय जिंकणाऱ्याच्या रकमेतून ॲपचा वाटा आधीच कापलेला. सारख्याला वारखे खेळले, तर शेवटी दोघंही खड्ड्यात!

दहा डावांत माझे ४१२ पॉइंट झाले. रमीत कमी पॉइंटवाला शहाणा, हे वेगळं सांगायला नको. मामाचे १३५.

मग सरांनी माझी पानं उताणी करून शिकवणी घेतली. मी राजा-राणी कवटाळून बसायचो. ‘‘सत्तीला बघा,’’ सर म्हणाले, ‘‘पाच-सहा, सहा-आठ, आठ-नऊ. तीन जोड्या चालतात. राजाला दोनच. वर अंगावर दहा पॉइंट. मग कुणाला सांभाळायचं?’’ शेटनी बदामची सत्ती उचलली होती आणि मी पुढच्याच हाताला बदामची अठ्ठी टाकली होती. का? तर नको होती म्हणून! समोरचा काय गोळा करतोय, हे मी दीड वर्षात एकदाही बघितलं नव्हतं. मोबाइलवर समोर एक गोल फोटो असतो. त्याच्याकडे काय बघणार?

पण मामाचा धडा सगळ्यात भारी होता. ‘‘तू डाव सोडतच नाहीस बे.’’ पहिल्या हाताआधी सोडला तर वीस पॉइंट, मधे सोडला तर चाळीस, रेटत बसलास आणि हरलास तर ऐंशीपर्यंत. ‘‘चारदा सोडलं तरी एका ऐंशीएवढंच. जोकर नाही, लागलेली पानं नाहीत, तरी बसालास. कशाला?’’

कशाला? कारण पुढचं पान चांगलं येईल. आधीच इतके गेलेत, आता उठून कसं चालेल? हे मी तोंडाने बोललो नाही. पण मामाने पानं खाली ठेवली.

‘‘किती घालवलास?’’

‘‘कशात?’’

मामा नुसता बघत राहिला. मग सतरंजीखालून एक वही काढली. लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. अकरा वर्षांचे डाव, तारखेवार, चौघांचे पॉइंट. पैसा कधीच नाही. वर्षाच्या शेवटी ज्याचे पॉइंट जास्त, त्याने हुरडा पार्टी द्यायची. यंदा शेटची पाळी होती आणि ते त्यावरून अजून कुरकुरत होते. ‘‘संध्याकाळी दहा डाव, वर एक नाही,’’ मामा म्हणाला. ‘‘आणि प्रत्येक डाव लिहायचा. हरलेला आधी.’’

मी एका रात्रीत साठ-साठ डाव खेळलोय. एकही लिहिलेला नाही.

रविवारी पुन्हा बसलो. सहा वेळा पहिल्या हाताआधीच पानं ठेवली. चाचांनी टाळी दिली. उरलेल्या चार डावांत एक चक्क मी जिंकलो. दहा डावांचे एकूण २३६. मामाने वहीत नवा रकाना पाडला, वर ‘भाचा’ लिहिलं आणि खाली आकडा.

सोमवारी पहाटे साडेसहाची हुतात्मा. पिशवीत दोन चादरी, अर्धा किलो शेंगा चटणी. कुर्डुवाडी गेल्यावर बँकेचं ॲप उघडलं आणि दीड वर्षाची एकेक एन्ट्री कागदावर उतरवायला घेतली. दौंड येईपर्यंत बेरीज झाली. अडतीस हजार चारशे. दोनदा तपासली. मग कागदाचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला. खाली फक्त ‘रमी’ एवढंच लिहिलं.

निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर मात्र हडपसरला आलं.

‘‘घरी ये, बोलू. चटणी आणलीस ना?’’