नळाला मुंग्या येतात

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त माझ्या भाचीचं. ती एका माध्यमिक शाळेत शिकवते. यंदा आवाराच्या सुरक्षा पाहणीचं काम शाळेनं तिच्या गळ्यात घातलं आणि हातात एक छापील तक्ता दिला. इमारत सुस्थितीत आहे का, वीजजोडणी सुरक्षित आहे का, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, अग्निशामक यंत्र... आणि प्रत्येकापुढे दोन चौकटी, होय आणि नाही. "आत्या, तू इतकी वर्षं शाळेत काढलीस, मी नेमकं बघू तरी काय?" असं तिनं विचारलं. फोनवर जे सांगितलं ते अर्धवटच होतं. उरलेलं इथे लिहिते. तुमच्यापैकी जे शाळेत आहेत त्यांनाही कदाचित उपयोगी पडेल.

हा असला तक्ता शिक्षक-खोलीत चहा पिता पिता भरता येतो, आणि बहुतेक ठिकाणी तसाच भरला जातो. मी हे कुणाला दोष द्यायला म्हणत नाही. ज्या आवारात आपण रोज सात तास वावरतो तिथलं आपल्याला हळूहळू दिसेनासं होतं. घरातला फुटका कप नाही का आपण वर्षानुवर्षं वापरत राहत, तसंच. म्हणून भाचीला मी पहिली गोष्ट ही सांगितली की तक्ता टेबलावर ठेव आणि पाचवी-सहावीची चार मुलं बरोबर घे. का, ते सांगते.

२००१ च्या जूनमधली गोष्ट. आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी थंड पाण्याचा कूलर दिला होता. तालुक्याच्या गावात तेव्हा त्याचं केवढं अप्रूप! उन्हाळ्याच्या सुट्टीत तो बसला आणि शाळा उघडली तशी नळापुढे ही रांग. आठ-दहा दिवसांनी पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, नळाला मुंग्या येतात." शेजारी आमचे शिपाईमामा उभे होते. ते तत्पर माणूस. लगेच मुंग्यांचा खडू घेऊन गेले आणि कूलरभोवती छानपैकी रेघ ओढून आले. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पुन्हा हजर. "बाई, अजून येतात."

मी त्याला विचारलं, "कुठे दिसल्या तुला मुंग्या?" तर म्हणाला, "दिसत नाहीत बाई. हाताला येतात."

मी तेव्हाच कूलरची वायर काढायला लावली आणि वीजवाल्याला बोलावलं. त्यानं आधी कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला. आतली एक वायर घासून पत्र्याला टेकली होती, त्यामुळे सगळ्या पत्र्यात वीज उतरत होती. प्लग तीन पिनांचाच होता, पण बोर्डाच्या तिसऱ्या भोकातून निघालेली वायर भिंतीत वीतभर जाऊन संपत होती. म्हणजे अर्थिंग नव्हतंच. वीजवाला दहावी नापास, पण त्यानं मला जे समजावलं ते मी पुढे कितीजणांना सांगितलं असेल. तो म्हणाला, "बाई, गळलेल्या विजेला जमिनीत जायला वाट लागते. आपण वायरनं वाट करून दिली तर ती तिकडून जाते. नाही दिली तर पोराच्या अंगातून जाते."

मग आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच कसं कळलं नाही? तर आम्ही सगळे चपला घालून पाणी प्यायचो. मुलं वर्गाबाहेर चपला काढून ठेवत आणि मधल्या सुट्टीत तशीच अनवाणी, ओल्या फरशीवरून नळाशी जात. रबरी तळव्याच्या चपलेतून वीज सहसा जात नाही, ओल्या पायातून जाते. एवढा साधा फरक. पावसाळा वाढला असता, वायर आणखी घासली असती, तर मुंग्यांवर भागलं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मग आवारात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ भरून रीतसर अर्थिंग केलं. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, कारण कोरडी माती विजेला वाट देत नाही. हे काम मामांनी निवृत्त होईपर्यंत तुळशीला पाणी घालावं तसं केलं. पुढे गळती ओळखून वीज तोडणारा खटकाही बसवून घेतला. तीस मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह भलतीकडे गेला तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. त्याच्यावर तपासणीचं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. भाचीला मी म्हटलं, तुमच्या शाळेत हे बटण शेवटचं कुणी दाबलं ते विचार. तक्त्यातल्या 'वीजजोडणी सुरक्षित आहे का' याचं उत्तर तिथे मिळेल.

आता जरा कठीण गोष्ट. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात मुलं गेली. त्यानंतर केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं देशभरातल्या शाळांची सुरक्षा तपासणी करायला राज्यांना सांगितलं. पण माझ्या मनात राहिली ती बातमीतली एक ओळ. वरून खडे पडताहेत असं मुलांनी आधी सांगितलं होतं आणि त्यांना गप्प बसायला सांगण्यात आलं, असं वाचलेल्या मुलांनी सांगितलं. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला. आपल्याकडे २०१७ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचा वर्ग पडून तीन मुलं गेली, तेव्हाही असंच झालं होतं मला. 'गप्प बस, पुस्तकात बघ' हे वाक्य शाळेत दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं ते आपण शिक्षकच जाणतो.

मुलं आपल्या भाषेत बोलत नाहीत, ही खरी अडचण आहे. 'प्लास्टर सुटले आहे' असं कुठलं पोर म्हणणार? ती म्हणतात, वरून पापड पडतात. फाटक डुगडुगतं असं न म्हणता म्हणतात, फाटक नाचतं. (हे सरकत्या लोखंडी फाटकाबद्दल एका मुलीनं सांगितलेलं. जाऊन पाहिलं तर वरचा आधाराचा बोल्ट गायब आणि रुळाच्या टोकाला अडणीच नाही. ते फाटक पुन्हा बसवताना चौघांना उचलेना. वेल्डरनं साडेतीनशे रुपये घेतले.) तेव्हा मुलांबरोबर फेरी मारायची ती त्यांना विचारत मारायची. कुठे लागतं? कुठे भीती वाटते? कुठे जायला बाई ओरडतात आणि तरी तुम्ही जाता? शेवटच्या प्रश्नाला फार छान उत्तरं मिळतात!

आणि एकदा तरी उकिडवं बसून बघावं. व्हरांड्यात बाहेर उघडणाऱ्या खिडक्यांच्या झडपा आमच्या खांद्याला लागत, म्हणून आम्ही त्या अंग चोरून चुकवत असू. त्यांचा खालचा कोपरा नेमका चौथीच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर होता. झडपा भिंतीला टेकवून अडकवायला आकडे लावले, संपलं.

आगीचं थोडं वेगळं आहे. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या चुलीची आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. वरच्या मजल्यावरून उतरायला वाट अरुंद. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ च्या एप्रिलमध्ये निकाल आला की सरकारी असो की खाजगी, सगळ्या शाळांत आग विझवायची साधनं बसवा आणि ती वापरायचं शिक्षण कर्मचाऱ्यांना द्या. पहिला भाग पुष्कळ ठिकाणी झाला. लाल नळकांडी आली. पण त्यावरच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे किती जण बघतात? मी एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते, तिथलं नळकांडं पाहुण्यांच्या हारतुऱ्यांच्या कपाटामागे होतं. आमच्याकडच्या वाळूच्या बादल्यांचा उपयोग काय होत असे ते लिहीत नाही, पानतंबाखू खाणारे समजून घेतील. असो.

कुंभकोणमनंतर आम्ही पैशाशिवाय एक गोष्ट केली, ती मात्र मला अजून आवडते. आमचा जिना एकच, आणि वर सहा वर्ग. शाळा सुटली की घंटेसरशी तीनशे पोरं एकदम त्या जिन्यावर. आम्ही घंटा दोनदा द्यायला सुरुवात केली. पहिल्या घंटेला फक्त खालचे वर्ग सुटायचे, चार मिनिटांनी दुसरी घंटा, मग वरचे, आणि ते सुद्धा एकेक वर्ग. सुरुवातीला वरची मुलं चरफडली. पण महिन्याभरात सवय झाली. जिन्याखाली रचलेली मोडकी बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेवढे हलवायला वर्ष लागलं, कारण ते कुणाच्या नावावर आहेत हेच ठरेना!

शेवटी खोली क्रमांक नऊ. 'पापड' तिथलेच. साल २००५, त्या वर्षी पाऊस किती झाला ते सगळ्यांना आठवत असेल. माझा सहावीचा वर्ग त्या खोलीत होता. छताला तपकिरी रेघा उमटल्या होत्या. पाणी झिरपून आतल्या गजांना गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटला आतून ढकलतं, त्याच्या त्या रेघा. मामांनी बांबूनं ठोकून बघितलं, तर कडेला टणक आवाज आणि मधे बद्द. मी त्याच दिवशी मुलांना घेऊन सभागृहाच्या स्टेजवर वर्ग भरवायला लागले आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवलं.

त्यांना ते रुचलं नाही. तोंडी सांगून झालं, मग तिसऱ्या दिवशी मला मेमो आला. नेमून दिलेल्या खोलीत अध्यापन न करणे, शिस्तभंग वगैरे. घरात माझी झोप उडाली हे खरं. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती, दोन्ही मुलांची शिक्षणं चालू. यजमान म्हणाले, "तुला जे दिसतंय ते लिही, बाकीचं बघू." मी उत्तरात एवढंच लिहिलं की ही खोली वर्ग भरवण्यास सुरक्षित आहे असं आपण मला सहीनिशी लिहून द्यावं, मी उद्यापासून तिथे शिकवीन. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घेतला. (भाचीबाई, हे विशेष तुझ्यासाठी. तोंडी सांगितलेलं शाळेत कुणी ऐकलेलं नसतं.)

तसं लिहून कुणी दिलं नाही. सतरा दिवस आम्ही स्टेजवर काढले. फळा नव्हता, पडद्याच्या दोऱ्या ओढायचा मोह पोरांना आवरत नव्हता, शुद्धलेखनाचे तर तीनतेरा वाजले. अठराव्या दिवशी संस्थेनं पाठवलेला इंजिनिअर आला. त्यानं सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं, कोपऱ्यात थांबून लांब काठीला बांधलेल्या हातोडीनं छताला दोन ठोके दिले. परातीएवढा तुकडा सुटला आणि खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर पडला. बाकाची फळी चिरली. त्या बाकावर कोण बसायचं ते मला पाठ होतं, पण मी काही बोलले नाही. मुलीच कुजबुजत होत्या.

इंजिनिअरनं तिथेच खोलीला कुलूप लावायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत ती पाडली. मेमो मागे घेतल्याचं पत्र मला निवृत्तीपर्यंत मिळालं नाही, आणि मीही ते मागायला गेले नाही. खोली क्रमांक नऊच्या जागी आता सायकलींची शेड आहे.