कोचीत एक दिवस

कोचीस रेल्वेने जाता येते, विमानानेही जाता येते; परंतु बंदराचे शहर प्रथम समुद्राच्या बाजूने पाहावे, असे आमचे मत झाले आहे. गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही उभयतांनी बडोद्याहून मुंबई गाठली आणि तेथून प्रवासी जहाजाने दक्षिणेकडे निघालो. वाटेत कोचीला एक दिवसाचा मुक्काम होता. सकाळी जहाज खाडीच्या मुखात शिरले तेव्हा डाव्या हाताला वायपीन बेट, उजव्या हाताला फोर्ट कोची आणि समोर नारळीच्या रांगांमागे उजळत चाललेले आकाश, असे दृश्य होते. सौ. कठड्याशी उभ्या होत्या. त्यांना चहाचीही आठवण राहिली नाही.

हे बंदर निसर्गाने दिले आणि माणसाने घडविले. 1341 साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने जुने मुझिरिस बंदर गाळाने भरले व कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानतात. तरीही मुखाशी वाळूचा बांध होताच. मोठ्या जहाजांना बाहेरच नांगर टाकावा लागे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने तो खोदून काढला आणि 1928 मध्ये 'पद्मा' ही आगबोट आतल्या बंदरात आली. उपसलेल्या गाळाचेच विलिंग्डन बेट झाले. आमचे जहाज लागले ते याच बेटाच्या धक्क्याला.

संध्याकाळी पाचला परतावयाचे होते. रिक्षा ठरवून आम्ही प्रथम चिनी जाळी पाहावयास गेलो. सागवानी खांब व बांबू यांच्या सांगाड्याला भले मोठे जाळे अडकविलेले आणि दुसऱ्या टोकाला दोरांनी दगड टांगलेले. तराजूच्या दांडीप्रमाणे एक बाजू खाली जाते, तशी दुसरी वर येते. पाच-सहा माणसे दोर ओढतात. आमच्यादेखत वर आलेल्या जाळ्यात मूठभर मासळी होती. पण त्या माणसांच्या चेहऱ्यावर निराशा दिसली नाही. जाळे लगेच पुन्हा पाण्यात गेले.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. 1524 च्या डिसेंबरात वास्को द गामा कोचीतच वारला व येथे पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. 1663 मध्ये डचांनी आणि 1795 मध्ये इंग्रजांनी कोची घेतली. तीन सत्ता एकाच छपराखाली प्रार्थना करून गेल्या. आज तेथे दगडी समाधिलेख आहेत आणि छताला टांगलेले हाताने ओढावयाचे पंखे आहेत.

मट्टनचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी त्याची डागडुजी केली म्हणून लोक त्याला डच राजवाडा म्हणतात. आतील भिंतींवर रामायणातील प्रसंग रंगविले आहेत. सौ. त्या भिंतींसमोर इतका वेळ रेंगाळल्या की शेवटी आम्हाला घड्याळ दाखवावे लागले.

पलीकडे ज्यूंची गल्ली. 1568 मध्ये बांधलेल्या प्रार्थनामंदिराची जमीन निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांची आहे. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे आता गावात उरले नाहीत. 1948 मध्ये इस्रायल झाले आणि पुढील काही वर्षांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. त्यांना कोणी हाकलले नव्हते. तरी ती रिकामी बाके पाहून मन उदास झाले.

अशा मनःस्थितीत आम्ही तिरुमल देवस्वमच्या व्यंकटेश मंदिराकडे वळलो. रिवाजाप्रमाणे आम्ही सदरा काढून आत गेलो. दर्शन घेऊन बाहेर येतो, तो एक वृद्ध बाई सौ.ना उद्देशून काहीतरी बोलल्या. मल्याळम असेल असे वाटले, पण शब्द ओळखीचे निघाले. त्या 'उद्दाक' हवे का, असे विचारीत होत्या. श्राद्धात आपण सोडतो ते उदक त्यांच्या घरी रोजच्या तांब्यात आहे! पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. चारशेहून अधिक वर्षे झाली. शाळा मल्याळम, बाजार मल्याळम, पण घरात कोकणीच.

आणि ही माणसे केवळ टिकून राहिली नाहीत. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यास इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने जसे ज्ञान पुरविले, तसे रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनीही. त्यांनी 1675 मध्ये दिलेले प्रशस्तिपत्र देवनागरी अक्षरांत ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. परमुलखात राहूनही त्यांनी आपले म्हणणे आपल्या भाषेत, आपल्या लिपीत मांडले.

आम्ही बडोदेकरही पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच वाढलो. आमची मुले घरात मराठी बोलतात. परंतु धाकट्याला हे मासिक वाचून दाखवावे लागते. दोष शाळेवर ढकलणे सोपे. आम्ही तर शाळामास्तरच! कोचीच्या त्या बाईंना कोणत्याही शाळेने कोकणी शिकविली नव्हती. पाणी विचारताना, स्वयंपाक करताना, रागावताना जी भाषा तोंडी येते, ती मुलांच्या तोंडी आपोआप उतरते. लिपी मात्र बसून शिकवावी लागते. परतल्यापासून रोज रात्री अर्धा तास आम्ही ते काम करीत आहोत.

वाचकांपैकी कोणी कोचीस गेल्यास शुक्रवार-शनिवार टाळावा. ज्यूंचे प्रार्थनामंदिर त्या दिवशी पाहुण्यांस बंद असते. आणि व्यंकटेशाच्या मंदिरापाशी थोडा वेळ राखून ठेवावा. कोणीतरी पाणी विचारील.