यजमान आणि पाहुणा

पाहुणा दारात उभा राहिला म्हणजे घराची खरी ओळख पटते. तो कुठे निजेल, त्याला काय चालेल, कोणत्या खोलीत त्याने जाऊ नये, हे सारे फारसे न बोलता ठरवावे लागते. गंमत अशी की, संगणकशास्त्रानेही आपल्या एका व्यवस्थेसाठी हेच दोन शब्द योजले आहेत: ‘होस्ट’ म्हणजे यजमान आणि ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा. एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला स्वतःची डिस्क असते, स्वतःची मेमरी असते, स्वतःचा पडदा असतो. मात्र त्यातले काहीही हाताला लागत नाही. यजमान यंत्र आपल्या शक्तीतला थोडा वाटा काढून त्याला देते आणि पाहुण्याला वाटत राहते की, आपण आपल्याच घरी आहोत. यालाच आभासी संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएमचे एक संशोधन केंद्र होते. तेथे १९६० च्या दशकात ती आकाराला आली. त्या काळी संगणक अतिशय महाग असे. तो अनेकांना वाटून द्यायचा आणि तरीही प्रत्येकाला तो अखंड आपलाच वाटावा, हा त्यामागील हेतू होता. १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ही पद्धत ग्राहकांपुढे आली. टेबलावरच्या साध्या संगणकापर्यंत पोहोचायला तिला १९९९ साल उजाडले. या साऱ्या इतिहासाशी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाचा संबंध येण्याचे कारण मात्र अगदी घरगुती आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, वसईतील आमच्या परिसरातल्या वृद्ध स्त्रियांकडून सामवेदी बोलीतील लग्नगीते उतरवून घेत. मांडव घालताना, तांदूळ निवडताना, नवरी घर सोडताना म्हणायची ती गीते कुठल्याही पुस्तकात नव्हती. १९९६ पासून पुढे सात वर्षे दादांनी आपल्या रविवारच्या दुपारी या कामाला वाहिल्या. वहीतले शब्द ते संगणकावर स्वतः टंकलिखित करीत आणि प्रत्येक फाइलीला गाणाऱ्या बाईचे नाव देत. अशा ४३ फायली झाल्या. गाणाऱ्या बहुतेक साऱ्या जणी आता हयात नाहीत. २०१२ साली दादाही गेले. वह्या वाळवीने खाल्ल्या. उरली ती दादांच्या संगणकाच्या डिस्कची हुबेहूब प्रत, जी त्यांच्या पश्चात आम्ही एका मोठ्या फाइलीच्या रूपाने साठवून ठेवली होती. तीत विंडोज एक्सपी आहे, दादांचे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आहे आणि ती गीते आहेत. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. नव्या संगणकावर ते चालत नाही.

या गीतांच्या चाली जाणणारे माणूस आमच्या घरात आता एकच उरले आहे, त्या म्हणजे आमच्या वहिनी. त्यांचे वय ८१ आहे. गेली दोन वर्षे विस्मरणाने त्यांना घेरले आहे. एखाद्या गीताचा पहिला शब्द कुणी वाचून दाखवला, तर पुढची ओळ त्यांच्या ओठांवर चालीसकट येते. शब्द पुढे नसला, तर त्या खिडकीबाहेर पाहत गप्प बसून राहतात. माझ्या पुतणीने ठरवले की आईच्या आवाजात जेवढे ध्वनिमुद्रित होईल तेवढे करून ठेवायचे. दर आठवड्याला तिचा फोन येई. “काका, पपांच्या फायली उघडल्या का? आईचे बरे दिवस आता मोजकेच उरलेत.”

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला जो प्रोसेसर लागतो तो माझ्या जुन्या यंत्रात नव्हता. चालते यंत्र भंगारात काढणे मला पटेना, म्हणून मी त्यावर लिनक्सची डेबियन ही मोफत मिळणारी प्रणाली घेतली. तिची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली होती. दादांचा संगणक पाहुणा म्हणून ठेवण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर बसवले आणि ‘सुरू करा’ची कळ दाबली. पाहुणा उठेना.

येथून पुढे जे घडले ते सविस्तर सांगतो. कारण अशा प्रसंगी बहुतेक माणसे पहिल्या संदेशापाशीच हात टेकतात. काम सुरू करण्याआधी मी डिस्कच्या फाइलीची आणखी एक प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवली. मग एक वही घेतली. पडद्यावर येणारा संदेश तीत पूर्ण उतरवायचा, एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याचा परिणाम लिहून मगच दुसऱ्याला हात घालायचा, असा नियम ठरवला.

पहिला संदेश होता की, कर्नल ड्रायव्हर बसवलेला नाही. शेजारी आकडा होता उणे १९०८. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा सारा कारभार तोच पाहतो. पाहुण्याला वाटा द्यायचा तर व्हर्च्युअलबॉक्सचा एक छोटा भाग या गाभ्यात जाऊन बसावा लागतो आणि तो नेमक्या त्याच गाभ्याच्या मापाने शिवलेला असावा लागतो. शिवण्यासाठी लागणारी मापे, म्हणजे कर्नलच्या हेडर फायली, तसेच शिवणारे अवजार, म्हणजे कंपायलर, दोन्ही यंत्रात असावे लागते. कर्नलची नवी आवृत्ती आली की हा अंगरखा पुन्हा नव्याने शिवावा लागतो. ते काम आपोआप करणारी डीकेएमएस नावाची व्यवस्थाही असते. मी हेडर आणली आणि तो भाग तयार करून घेतला.

भाग तयार झाला, तरी गाभा त्याला आत घेईना. यंत्राच्या नोंदी वाचल्यावर कळले की त्यावर ओळखीची सही नव्हती. आजच्या संगणकांत सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी असतो. संगणक सुरू होताना एखादा घातक प्रोग्रॅम चोरपावलांनी गाभ्यात शिरू नये, यासाठी तो प्रत्येकाची सही तपासतो. घरी शिवलेल्या अंगरख्यावर त्याच्या ओळखीची सही कोठून असणार? पहारेकऱ्यालाच रजा द्यावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो रुचला नाही. स्वतःची किल्ली तयार करायची, तिने त्या भागावर सही करायची आणि ती किल्ली पहारेकऱ्याच्या दप्तरी नोंदवायची, असा दुसरा मार्ग आहे. नोंदणीचा शेवटचा टप्पा संगणक पुन्हा सुरू होताना एका निळ्या पडद्यावर पार पडतो. आपण आधी ठरवलेला परवलीचा शब्द तेथे टंकावा लागतो. दूर बसलेल्या कुणालाही हे करता येत नाही. यंत्रासमोर माणूस प्रत्यक्ष हजर असावा लागतो. मला ही अट फार समंजस वाटली.

तिसरी अडचण सर्वांत विलक्षण होती. आता संदेश आला की, प्रोसेसरची आभासीकरणाची सोय आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेली आहे. २००५ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत व्हीटी-एक्स नावाची ही सोय मिळू लागली. पाहुण्याचे काम वेगाने आणि सुरक्षितपणे चालावे, यासाठी ती असते. पण माझ्या यंत्रात दुसरा पाहुणाच नव्हता! मग जागा अडवली कोणी? उत्तर कर्नलमध्येच होते. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम नावाचा स्वतःचा एक यजमान आहे. तो फेब्रुवारी २००७ मध्ये तेथे आला. व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्तीही त्याच्या आदल्याच महिन्यात लोकांपुढे आली होती. अनेक वर्षे केव्हीएमची रीत अशी होती की, त्याच्याकडे पाहुणा आला तरच तो ती सोय ताब्यात घेई. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या कर्नलच्या ६.१२ या आवृत्तीपासून तो गाभ्यात चढताक्षणीच ती घेऊन बसू लागला. पाहुणा आल्यावर त्याला ताटकळावे लागू नये, हा त्यामागचा विचार. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत हाच ६.१२ कर्नल आहे. दोन्ही यजमान आपापल्या जागी निर्दोष होते. पण एकाच पाटावर दोघांना बसता येईना.

यावर उपायही साधाच निघाला. केव्हीएमच्या ‘एनेबल व्हर्ट ॲट लोड’ या सूचनेचे मूल्य शून्य करून संगणक सुरू केला की तो पूर्वीच्या रीतीवर येतो आणि जागा मोकळी राहते. काहीही पुसून टाकावे लागले नाही. एकाला थोडे थांबायला सांगितले, एवढेच.

आता एक्सपीचे बोधचिन्ह क्षणभर दिसले आणि लगेच निळा पडदा आला. त्यावरच्या आकड्याच्या शेवटी ‘७बी’ होते. या खुणेचा अर्थ असा की, पाहुण्याला आपली डिस्कच सापडत नाही. एक्सपी २००१ सालचा. डिस्क जोडण्याची आयडीई नावाची जुनी पद्धत त्याच्या परिचयाची. नंतर रूढ झालेल्या साटा पद्धतीसाठी लागणारा ड्रायव्हर त्याच्यापाशी मुळात नसतो. आभासी संगणकाचा मोठेपणा येथे जाणवतो. खऱ्या यंत्रात जुनी जोडणी आता शोधूनही मिळणार नाही. आभासी यंत्रात मात्र ती एका कळीवर मिळते. डिस्क आयडीईला जोडली. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्येच थांबलेली असल्याने त्याची इंटरनेटची तार काढून ठेवली. पाहुणा वृद्ध असला की त्याला गर्दीत पाठवू नये.

पाहुणा जागा झाला. दादांनी मांडून ठेवलेला पडदा जसाच्या तसा समोर आला आणि त्यावर एकेका बाईच्या नावाच्या त्या फायली रांगेने उभ्या होत्या. मी पुतणीला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही.

फाइल उघडणे वेगळे आणि ती वाचवणे वेगळे. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकलेखनात देवनागरी अक्षरांना स्वतःची जागा नसे. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट नसला की मजकुराची निरर्थक चिन्हे होतात. युनिकोडने १९९१ साली देवनागरीला स्वतःचे स्थान दिले खरे, पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० साली आली आणि घरोघरी ती रुळायला आणखी वर्षे गेली. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना पहिल्या वेलांटीची आणि रफाराची जागा बदलावी लागते. जुन्या पद्धतीत ती डोळ्यांना दिसते त्या क्रमाने असते, नव्या पद्धतीत उच्चाराच्या क्रमाने. बोलीभाषेतील शब्द कुठल्याही कोशात नसल्याने चूक पकडायला यंत्र असमर्थ ठरते. ते काम वहिनींनी केले. आम्ही वाचायचे आणि त्यांनी मान हलवायची. एखादा शब्द चुकीचा उमटला की त्यांचा चेहरा आक्रसे, आणि मग त्या तो शब्द हलकेच उच्चारीत.

४३ पैकी दोन फायली बिघडलेल्या निघाल्या. त्या हाती लागल्या नाहीत. उरलेल्या ४१ फायलींतली २६ गीते आतापर्यंत वहिनींच्या आवाजात साठवली आहेत. काही दिवस त्या एकही ओळ म्हणत नाहीत. त्या दिवशी आम्ही घाई करीत नाही.

या सगळ्या खटपटीत एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. सुरुवातीला आम्हा सर्वांचीच समजूत होती की, दादांची जुनी डिस्क आता मेली. प्रत्यक्षात तिला काहीच झाले नव्हते. कुठे माप जुळत नव्हते, कुठे ओळख पटत नव्हती, कुठे पाट अडलेला होता, कुठे तिच्या ओळखीचे दार घराने ठेवले नव्हते. अडलेले सारे यजमानाच्या घरात होते. वृद्ध माणसांच्या मौनाकडे आपण असेच पाहतो. “आता त्यांना काही आठवत नाही,” असे म्हणून मोकळे होतो. त्यांच्या परिचयाचे दार त्यांच्यासमोर ठेवायचे, आपल्या गतीला थोडे थांबायला सांगायचे आणि मग वाट पाहायची, एवढे तरी यजमान म्हणून आपल्या हाती असते. सगळ्यांची स्मृती अशी परत येत नाही, हे मी जाणतो. पण दार न ठेवताच पाहुणा मुका आहे असे ठरवणे योग्य नव्हे.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी १९९० च्या दशकात संगणकावर उतरवलेले काही ना काही असेल: घराण्याची वंशावळ, सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, एखाद्या आजीने सांगितलेली हकिकत. ती सीडी, ती डिस्क या महिन्यात एकदा बाहेर काढावी. ती उघडणारे यंत्र आणि ती वाचताना मान हलवणारे माणूस, दोन्ही घरात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.