अभिप्राय कळवावा

लग्नपत्रिकेचा मजकूर, नव्या घराचा रंग आणि पहिल्यांदा केलेली पुरणपोळी, या तीन गोष्टींवर माणसाने कुणाचा अभिप्राय मागू नये, असे माझे जुने मत आहे. अलीकडे त्या यादीत मी वेबसाईटची भर घातली आहे.

आमच्या चिरंजीवांचे नारायण पेठेत एका जिन्याखाली कॉम्प्युटरदुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि पोटे उघडी टाकून पडलेली यंत्रे. दीड वर्षापूर्वी कंपनीने त्याला नारळसुद्धा न देता निरोप दिला, तेव्हा त्याने हे काढले. भाडे महिन्याच्या पाच तारखेला न चुकता येते. गिऱ्हाईक मात्र त्याच्या सवडीने.

एक दिवस तो म्हणाला, "बाबा, हल्ली लोक पाट्या वाचत हिंडत नाहीत. फोनवर शोधतात. वेबसाईट करू या. मजकूर तुम्ही लिहा."

बँकेत चौतीस वर्षे पत्रे लिहिलेला मी माणूस. बाह्या सरसावल्या. 'संगणक ही आधुनिक मानवाची कामधेनू होय' अशी सुरुवात केली. मग, टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संस्थेत जगातली पहिली वेबसाईट लोकांसाठी कशी खुली केली, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमने इंटरनेट आपल्याकडच्या सामान्य माणसापर्यंत कसे आणले, हा सगळा इतिहास सविस्तर सांगितला. या वाटेने चालत चालत वाचक शेवटी आमच्या जिन्याखाली पोचत असे. चिरंजीवांनी वाचले आणि ते गप्प राहिले. मी ती पसंती समजलो.

मग अभिप्राय गोळा करायला निघालो. सुरुवात घरापासून. ही म्हणाली, "अहो, दुकानाच्या फोटोत मागे ती फुटकी बादली कशाला?" बादलीखेरीज तिला काही दिसलेच नाही. न्यू जर्सीच्या मेहुण्यांनी कळवले, 'फोटो फार जड आहेत, पान उघडेपर्यंत चहा पिऊन झाला.' भाची म्हणाली, "मामा, क्यूट आहे!" हा अभिप्राय की सांत्वन, ते मला अजून कळलेले नाही. सकाळी सारसबागेत फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकाला निळा रंग उदास वाटला आणि दुसऱ्याला तोच भडक वाटला. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "दुरुस्तीतला रु ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ काढलाय."

"आणि बाकीचा मजकूर?"

"पुढे वाचलंच नाही."

महिना संपत आला. अभिप्राय वहीभर जमले होते, गिऱ्हाईक मात्र वेबसाईट पाहून एकही आले नव्हते. चिरंजीव रात्री जेवताना बोलेनासे झाले. माझ्या कामधेनूने दूध देण्याचे लक्षण दिसेना.

आणि एका दुपारी सत्तरीच्या एक बाई कापडी पिशवीतून लॅपटॉप घेऊन आल्या. म्हणाल्या, "नातवानं फोनवर तुमची ती साईट लावून दिली होती. पण मला हवं होतं ते काही त्यात नव्हतं."

मी वही उघडली. "काय हवं होतं?"

"यात ह्यांचे फोटो आहेत. यंत्र गेलं तर जाऊ दे, फोटो राहतील का? तेवढंच."

मी वही मिटली.

चिरंजीवांनी खालचे झाकण उघडले. "काकू, हा चालू होत नाही म्हणजे फोटो गेले असं नाही. ते या डिस्कवर असतात. डिस्क शाबूत असली तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. आधी फोटो उतरवून घेतो, दुरुस्तीचं मग बघू."

अर्ध्या तासाने पडद्यावर महाबळेश्वर आले. माकडटोपी घातलेले एक गृहस्थ हातात मक्याचे कणीस धरून उभे होते. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "टोपी काढा म्हणत होते मी. ऐकलं नाही."

जाताना त्या माझ्याकडे वळल्या. "आणि हो, तुमचा फोन नंबर शोधता शोधता माझे डोळे दुखले हो. सगळ्या इतिहासाच्या खाली आहे तो."

त्या रात्री मी कामधेनूला स्वतःच्या हाताने दावणीतून सोडले. बर्नर्स-ली गेले, निगम गेले. चिरंजीवांनी फोटो हलके केले, बादलीही काढली. आता सगळ्यात वर मोठ्या अक्षरात फोन नंबर आहे. त्यावर बोट ठेवले की सरळ दुकानात घंटी वाजते. त्याखाली एकच ओळ आहे: 'तुमचे फोटो आणि कागदपत्रे आधी जपू, दुरुस्ती नंतर.' घंटी आता दिवसातून तीन-चारदा तरी वाजते, आणि चिरंजीव जेवताना पुन्हा भाजीला नावे ठेवू लागले आहेत.

परवा सारसबागेत मुख्याध्यापकांना ते नवे पान दाखवले. त्यांनी चष्मा लावला, ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि मान डोलावली.

मी भीत भीत विचारले, "पुढे वाचलंत?"

"पुढे आहे कुठे काही?"

इतका चांगला अभिप्राय मला चौतीस वर्षांच्या नोकरीतही मिळाला नव्हता.