माझ्या नावाची पत

बाजारात आपली पत केवढी! वाणी महिनाभराची उधारी लिहून ठेवतो, कापडवाला म्हणतो, "वहिनी, पैसे कुठं पळून चाललेत का?" पण शिरूरच्या एका बँकेत मी दुसऱ्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, तर नकार आला. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून कागद मागून घेतला. त्यावर होते, "कर्जफेडीचा पुरेसा इतिहास नाही." पंधरा वर्षे शिवणकाम करते हो मी! मशीनसाठी पतसंस्थेचे कर्ज काढले, ते एकही हप्ता न चुकवता फेडले.

मग सिबिलचा अहवाल काढला. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि आपला आपण पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. (हे गुण ३०० ते ९०० असतात.) त्यात माझे खाते एकच : आठ महिन्यांपूर्वी २५,००० रुपयांची मुदत ठेव तारण ठेवून घेतलेले पहिले कार्ड. पतसंस्थेच्या कर्जाचा मागमूसही नाही. नावातच पत, आणि नोंद नाही! वाण्याच्या वहीचे तर बोलायलाच नको.

आमचे हे म्हणाले, "एवढी यातायात कशाला? माझ्याच कार्डावर तुझ्या नावाचं जोडकार्ड काढू." सांगत होते मायेनेच. पण माझ्या डोळ्यांपुढे दौंडची वहिनी आली.

दौंड माझे माहेर. वहिनीकडे दादाच्या कार्डावरचे जोडकार्ड नऊ वर्षे होते. किराणा, औषधे, मुलांची पुस्तके, सगळे त्यावर. बिलाची तारीख तिने कधी टळू दिली नाही. २०२१ मध्ये करोनाने दादा गेला. मूळ कार्ड बंद झाले, त्याबरोबर वहिनीचेही. पिठाच्या गिरणीसाठी ती कर्ज मागायला गेली, तेव्हा तिच्या नावावर काहीच निघाले नाही. जोडकार्डाची सारी फेड मूळ कार्डधारकाच्या खात्यावर जमा होते. "वन्सं, इतकी वर्षं मी भरलं ते गेलं कुठं?" असे तिने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

म्हणून जोडकार्डाला मी नाही म्हटले. ह्यांना जरा लागले, पण दौंडचे नाव काढल्यावर गप्प बसले.

माझ्या कार्डाची मर्यादा २०,००० रुपये. जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचे कापड भरले की सतरा-अठरा हजार एका दमात जातात. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा म्हणतात. आता गणवेश काय तीस टक्के शिवायचे? दुसरे कार्ड हवे होते ते त्यासाठीच. तोवर मी एक केले. बिल निघण्याच्या आधीच हाती आलेली शिलाई कार्डावर भरत गेले, म्हणजे बिलात बाकी थोडी दिसते. दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकले नाहीत, कारण अर्जागणिक चौकशीची नोंद अहवालात पडते. आणि बिलावर लिहिलेली ती 'किमान रक्कम' कधी भरली नाही, भरायची ती पूर्णच. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचे चाळीसच्या वर जाते, बायांनो! सावकार परवडला.

पहिल्या कार्डाला दीड वर्ष झाल्यावर पुन्हा अर्ज केला. या खेपेला मिळाले, ठेव न ठेवता, ३०,००० रुपयांचे.

दिवाळीनंतर न्हावरे-चौफुल्यावरून दौंडला गेले. वहिनीने भिशीचे २०,००० रुपये बाजूला काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बँकेत ठेव तिच्या एकटीच्या नावावर केली आणि तिथेच कार्डाचा अर्ज मागितला. व्यवसायाच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. मग तिने लिहिले : घरगुती पापड-कुरडया, विक्री.