मोतीचा पाय

दिवाळी आणि नाताळ म्हणजे आम्हा माथेरानच्या घोडेवाल्यांची सुगी. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे पाहुण्यांना घोडा. आमच्या घरी तीन आहेत : राजा, बिजली आणि म्हातारा मोती. हंगामात सुट्टी लागली की मीही बाबांच्या हाताखाली राबतो.

पहाट खराऱ्याने सुरू होते. इथली लाल माती अंगात मुरते. ती तशीच राहिली तर खोगिराखाली जखम होते. मग खुरांतले खडे काढायचे, नाल ढिला नाही ना ते पाहायचे, तोबऱ्यात भिजवलेले हरभरे घालायचे. काम वाढले म्हणून चंदी एकदम वाढवता येत नाही. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. रात्री घाम वाळल्यावरच पाठीवर झूल.

गेल्या नाताळात ऐन गर्दीत मोती पुढच्या पायाने लंगडू लागला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा आल्यापासून बाबा एकेक फेरी मोजतात. त्यात माझी फी भरायची होती. एक पाहुणे दुप्पट भाडे द्यायला तयार होते. बाबांनी निमूटपणे मोतीचे खोगीर उतरवले. मला म्हणाले, "फी उसनी आणता येते रे, पाय नाही."

फी खरोखरच उसनी आणली. मोती पंधरा दिवस बसून खात होता.

अर्थशास्त्राच्या तासाला सर भांडवल आणि श्रम अशी दोन खाती शिकवतात. मोतीला कोणत्या खात्यात घालावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.